हेनरिकच्या मागे लागलेला कोल्हा

माझ्या नवऱ्याबद्दल ब्राकफ्लाय गावात जे जे सांगतात, त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं निम्मं त्यानंच पसरवलंय. तेव्हा खरं काय ते मीच सांगते. चाळीस वर्षं त्या माणसाचे मोजे धुतलेत मी. माझ्याइतकं त्याला कोण ओळखणार?

हेनरिक प्लाइकीस जन्मला तो गाढवाच्या गाडीत. आईबाप मेंढ्या कातरणारे. आज या मळ्यावर, उद्या त्या. कुणी विचारलं, "बाबा, तू कुठल्या गावचा?" की हा छाती फुगवून सांगतो, "दोन गावांच्या मधला." आमच्या कारूत, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या या कोरड्या माळरानात, दोन गावांच्या मधे जागा चिक्कार, त्यामुळे पुढं कुणी खोलात शिरत नाही.

मोठा झाल्यावर तो कोल्ह्यांचा माग काढायला लागला. मेंढ्या मारणारा कोल्हा कुठं दडलाय हे शोधायला लांबलांबचे मळेवाले त्याला घेऊन जायचे. सगळी करामत म्हणे त्याच्या कानांची. डोंगराआड कोल्हा शिंकला तरी तो नर की मादी हे हेनरिक सांगतो, असं लोक म्हणायचे. कोल्हे शिंकतात का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मी तेव्हा एका मळ्यावर स्वयंपाकाला होते. हा आला आणि मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून शेणाचे बूट घेऊन निघून गेला. तो पार मेंढवाड्यापाशी पोहोचला तेव्हा मी चुलीशी बसून तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली. तिकडून आरोळी आली, "बूट धुतो, पण लग्न करशील का?" मला वाटलं, अशा कानांच्या माणसाला काही दोनदा सांगावं लागणार नाही. कपाळ माझं! पण एक खरं, पुढची कितीतरी वर्षं त्यानं माझी एकही शिवी वाया जाऊ दिली नाही. प्रत्येकीला उत्तर दिलं.

मग आमच्या माळावर त्या पांढऱ्या तबकड्या आल्या. साठेक असतील, एकेक चर्चएवढी उंच. ही म्हणे दुर्बीण, पण बघत नाही, ऐकते. आकाशातून जे येतं ते इतकं बारीक असतं, की माळावर कुणाचा फोन जरी चालू असला तरी तिला तो कानाशी बँड वाजवल्यासारखा. त्यामुळे तबकड्यांच्या आसपास फोन नाही, मायक्रोवेव्ह नाही, बिनतारी काही म्हणजे काही नाही. गाड्यासुद्धा फक्त डिझेलच्या, कारण पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. आणि हा कानाला न ऐकू येणारा गोंगाट शोधून बंद करायला माणूस हवा होता. तो कोण, हे गावात विचारायचीही गरज पडली नाही.

खरं सांगायचं तर या कामाला कान लागतच नाहीत. माशाच्या काट्यासारखी एक सळई हातात धरायची, तिच्या डब्यावरची सुई जिकडे पुढे जाईल तिकडे आपण जायचं. पण गावाला वाटायचं, हेनरिक कानानंच ऐकतो. आणि हा पठ्ठ्या टोपी वर करायचा, मान वाकडी करायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हं... तिकडे काहीतरी किरकिरतंय." सुई तोवर केव्हाची तिकडे पोहोचलेली असायची.

अधिकार हातात आल्यावर माणूस कसा होतो ते मी घरात पाहिलं. त्याच्याकडे एक गोंगाटाची वही होती. गोंगाट कशाचा, मालक कोण, सगळं तीत लिहायचं आणि महिन्याच्या महिन्याला ती तबकड्यांजवळच्या खानावळीच्या दारावर टांगायची. तबकड्या गावापासून पन्नास मैलांवर, तरी पहिलं नाव माझं! गॅस पेटवायची चट्‌चट् करणारी बंदूक माझी, ती जप्त. मग पाद्रीबाबांच्या दाराची बिनतारी घंटा. मग डॉली टानीचा, म्हणजे डॉलीमावशीचा, पोट हलवून बारीक करणारा पट्टा. ती रडली बिचारी. म्हणाली, "हेनरिक, गावात नको रे सांगू." ह्यानं वहीत लिहिलं, 'पट्टा, पोटाचा, डॉली यान्चीस, फरक पडलेला नाही.' तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती.

आणि अशा या माणसाचे कान गेले.

एकदम नाही, हळूहळू. आधी मला वाटलं, म्हातारा मुद्दाम करतोय. मी शिवी दिली की गप्प. पुन्हा दिली की हसायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग एक दिवस दुर्बिणीचे मोस्टर्ट साहेब भेटले आणि म्हणाले, "काय हेनरिक, बायको कशी आहे?" हा म्हणाला, "दोन मेल्या, बाकीच्या चरतायत." त्या दिवशी मी त्याला मानगुटीला धरून अपिंग्टनच्या दवाखान्यात नेलं.

तिथं त्याला कानात घालायचं यंत्र मिळालं. वालाच्या दाण्याएवढं. येताना गाडीत माझा हात धरून म्हणाला, "सीना, कुणाला कळता कामा नये. बहिरा म्हटलं की साहेब गाडीची किल्ली काढून घेतील. आणि गाव काय म्हणेल?" मी म्हटलं, घरात घाल, चर्चमध्ये घाल, कामावर नेऊ नको म्हणजे झालं. "शहाणी आहेस," म्हणाला. कामाच्या आठवड्यात आम्ही दोघं तबकड्यांजवळच्या खोल्यांत राहतो, तो माळावर आणि मी तिथल्या खानावळीत स्वयंपाकाला. निघताना ते यंत्र घरी रस्कच्या डब्यात ठेवलं, असं त्यानं मला सांगितलं. मी विश्वास ठेवला. गाढवीण मी.

तर त्या आठवड्यात सोमवारी आली डॉक्टर झुकिस्वा. तिशीची पोरगी, चष्मा नाकावर घसरलेला, केपटाउनहून आलेली. डॉक्टर म्हटल्यावर मी पहिल्याच जेवणाला तिला गुडघा दाखवला. तिनं नीट बघितला, दाबून पाहिला आणि म्हणाली, "टानी, मी दीर्घिकांची डॉक्टर आहे. ताऱ्यांच्या अख्ख्या वस्त्या असतात ना, त्यांची."

"मग दाबलास कशाला?"

"तुम्ही एवढ्या प्रेमानं पुढं केलात."

तेव्हाच मला पोरगी आवडली. रात्रंदिवस ती काय शोधते, असं विचारलं तर तिनं खानावळीच्या टेबलावर सांडलेल्या पिठात बोटानं रेघा ओढल्या. म्हणाली, "आकाशात दीर्घिका कशाही विखुरलेल्या नसतात, टानी. आपल्या कारूच्या रस्त्यांसारखं आहे. लांबलांब धागे, धागे जिथं मिळतात तिथं गर्दीचं शहर, आणि मधे नुसता मोकळा माळ. जी दीर्घिका जिथं राहते, तसं तिचं आयुष्य होतं. गर्दीत राहणारीचा वायू बाकीचे ओरबाडतात, गरम वाऱ्यात उडून जातो. वायू संपला की नवे तारे होत नाहीत. मग ती लवकर म्हातारी होते, लालसर पडते."

"अगदी माझी बहीण," मी म्हटलं. "केपटाउनला गेली आणि पाच वर्षांत पार वाळून गेली. मी बघ इथं माळावर कशी टवटवीत."

"कुठं?" हेनरिक म्हणाला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी हळू बोलले होते.

झुकिस्वा हसली आणि तिनं पिठाच्या मोकळ्या जागेत मधोमध एक दाणा ठेवला. "ही माझी. रिकाम्या माळावर एकटी. शेजारी कुणी नाही. अशा सावकाश जगतात, जपून वायू वापरतात. पण ही बया दणादण नवे तारे करत सुटलीये! एवढा वायू तिला आणून कोण देतं? मला वाटतं, एक अगदी बारीक धागा तिच्यापर्यंत जातो आणि त्यातून तिला वायू मिळतो. तो आजवर कुणाला दिसलेला नाही. मला सहा दिवस दिलेत. पुन्हा कधी मिळतील देव जाणे, तीन वर्षं रांगेत होते."

हेनरिक त्या दाण्याकडे बघत राहिला. बाप लांब कातरणीला गेला की त्याची आई अशीच आडमळ्यावर महिनोन्‌महिने एकटी असायची, आणि कॉफी-पीठ घेऊन कुणाची तरी गाडी यायचीच यायची. मला म्हणाला नाही, पण मला कळलं. मग तो झुकिस्वाला म्हणाला, "पोरी, वाट दिसत नाही म्हणजे वाट नाही असं नसतं. गाढवाची लीद शोधायची. लीद आहे म्हणजे गाडी जाते."

"ऊम, मी तेच करतेय," ती त्याला काका करून टाकत म्हणाली. "पण त्या वायूची, हायड्रोजनची लीद."

"मग सहा दिवस या माळावर मुंगीसुद्धा शिंकणार नाही," हेनरिक म्हणाला. "माझा शब्द आहे."

आणि त्याच दुपारी गोंगाट सुरू झाला.

झुकिस्वाच्या पडद्यावर जिथं तिची एकटी दिसायची तिथं नुसती पांढरी फरफर. कधी पाच मिनिटं, कधी तासभर. हेनरिक सळई घेऊन धावला. सुई तर शेवटच्या टोकाला! म्हणजे चोर अगदी जवळ. हा पुढं धावला, सुई तिथंच. मागं फिरला, सुई तिथंच. गोल गोल फिरला. मी खानावळीच्या खिडकीतून बघत होते, मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं.

मंगळवारी त्यानं सगळ्यांच्या खोल्या उपसल्या. मोस्टर्ट साहेबांची दात घासायची मशीन निघाली, ती जप्त. गोंगाट चालूच. बुधवारी झुकिस्वानं कुठल्या तबकडीला कधी जास्त ऐकू आलं याचा नकाशा काढला. गोंगाट पायांनी चालत होता! सकाळी खोल्यांपाशी, मग तबकड्यांच्या कडेकडेनं, दुपारी बाभळीखाली दोन तास स्थिर, मग खानावळीकडे.

हेनरिकनं नकाशा पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. "कोल्हा," तो म्हणाला.

"ऊम?"

"कुणीतरी कोल्ह्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधलाय आणि सोडून दिलाय. हे बघ, चालणं कोल्ह्याचंच. कडेकडेनं जातो. दुपारी सावलीत झोपतो. जेवणाच्या वेळेला खानावळीकडे येतो. आणि हा साधासुधा नाही. मी निघालो की निघतो, मी थांबलो की थांबतो." त्यानं मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली केला. "हा माझ्या मागावर आहे."

आता हसू नका. ज्यानं उभा जन्म कोल्ह्यांमागे काढला त्याला दुसरं काय सुचणार? बुधवारी संध्याकाळी तो मेंढीच्या आतड्यांचं आमिष लावून झुडपात पालथा पडला आणि सळईची सुई रात्रभर टोकालाच चिकटून राहिली. खानावळीतली आतडी गेली ती गेलीच.

इकडे झुकिस्वानं जेवण सोडलं. तीन दिवस वाया. पोरगी ताटातला पाव चिवडत बसायची, चष्म्याआड डोळे सुजलेले. मला म्हणाली, "टानी, ती आहे तिथं, मला माहितीये. पण मी नुसतं माहितीये म्हणून चालत नाही ना." मी तिला दोन चमचे जास्त साखर घालून चहा दिला, दुसरं माझ्या हातात काय होतं?

गुरुवारी सकाळी हेनरिक अंघोळीला गेला तेव्हा मी त्याची टोपी उचलली, धुवायला. आतल्या पट्टीतून टुणकन काहीतरी पडलं. वालाच्या दाण्याएवढं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तिथंच खाटेवर बसले. ते यंत्रही बिनतारीच की! सगळं एका क्षणात लक्षात आलं. कडेकडेनं चालणारा, सावलीत झोपणारा, खानावळीत जेवायला येणारा कोल्हा माझ्याच अंथरुणात घोरत होता.

तो आला, त्यानं ते माझ्या हातात पाहिलं आणि हिसकावून कानात घातलं.

"काढ ते!" मी म्हटलं.

त्यानं काढलं. "काय?"

"हाच तुझा कोल्हा, मेल्या!"

"काय?" त्यानं घातलं.

"काढ आधी!"

त्यानं काढलं. "अगं पण काय म्हणतेस?"

असं किती वेळ चाललं ते विचारू नका. शेवटी मी ते त्याच्या कानात कोंबलं, त्याच्या हातात सळई दिली आणि सुईकडे बोट केलं. मग यंत्र काढलं, चहाच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि पुन्हा बोट केलं. सुई आडवी झाली.

"पण सीना," त्याचं तोंड एवढंसं झालं होतं, "हे तर ऐकायचं यंत्र आहे. बोलायचं नाही. त्या तबकड्यापण नुसत्या ऐकतात, त्यांना कुणी गोंगाट म्हणतं का? पोरगी मला काही विचारेल आणि मी 'दोन मेल्या' म्हणेन, म्हणून घातलं गं."

मला त्याला झोडपायचं होतं. खरंच. पण तो खाटेवर बसला होता, एका पायात मोजा, एका पायात नाही, आणि मला फक्त रडू येत होतं. मी म्हटलं, गप्प राहू. यंत्र डब्यातच ठेवू, गोंगाट आपोआप थांबेल, कोल्हा पळाला म्हणून सांगू. किल्ली वाचेल, नाव वाचेल. हे मी त्याला सगळं हातवारे करून सांगितलं. कोल्हा पळाला हे दाखवायला मला खोलीभर पळावं लागलं.

त्यानं मान हलवली. "आणि तिचे तीन दिवस?"

दुसरा मोजा चढवून तो थेट खानावळीत गेला. न्याहारीची वेळ, माणसं खच्चून भरलेली, मोस्टर्ट साहेब अंडं फोडत होते. आता कान रिकामे, त्यामुळे आपण केवढ्यानं बोलतोय हे त्याला कळेना. त्याला वाटलं, तो साहेबांच्या कानात कुजबुजतोय.

"साहेब!" भिंतीवरच्या पाट्या हलल्या. "कुणाला कळू देऊ नका, पण मी ठार बहिरा आहे!"

मागच्या टेबलावरचे बघायला उभेच राहिले.

"कोल्हा मीच! माझ्या कानात यंत्र होतं! ही घ्या गाडीची किल्ली!" त्यानं किल्ली साहेबांच्या अंड्यात ठेवली. "रविवार-सोमवार तबकड्यांना ग्रीस लावायचं आहे ना? ते पुढं ढकला आणि ते दोन दिवस हिला द्या! तिचे दिवस मी घालवले, तिनं नाही!"

साहेबांनी तोंड उघडलं, पण बोलून उपयोग काय? मग त्यांनी किल्ली पुसली, खिशात घातली आणि दोन बोटं वर केली. रविवार, सोमवार. झुकिस्वा उठली आणि तिनं हेनरिकला मिठी मारली. तो माझ्याकडे बघून कुजबुजला, आणि ते बाहेर डिझेल भरणाऱ्यालासुद्धा ऐकू गेलं, "ती चिडलीये का गं?"

वही त्यानं स्वतः दारावरून काढली. आपल्या हातानं लिहिलं, 'कान, डावा, हेनरिक प्लाइकीस.' डॉली टानी पन्नास मैल उन्हातून आली ती केवळ ते वाचायला. वाचून झाल्यावर तिनं मला कडेला घेऊन माझ्या रस्कची कृती विचारली, म्हणजे आमचं बोलणं सुरू झालं एकदाचं.

पुढचे दिवस माळ असा शांत, की आपलाच श्वास गोंगाट वाटावा. गाडी आता मी चालवते. हा शेजारी सळई घेऊन बसतो आणि बोटानं डावं-उजवं दाखवतो, आणि मी चुकीच्या बाजूला वळले की माझ्यावर ओरडतो. मी त्याला काय काय बोलते ते त्याला ऐकू येत नाही. हे मला आवडत नाही, कुणी काही म्हणो. रिकाम्या खोलीत भांडल्यासारखं वाटतं. घरी गेल्यावर तो यंत्र घालतो, तेव्हा मी आठवडाभराचं सगळं त्याला पहिल्यापासून पुन्हा ऐकवते.

झुकिस्वा गेली. तिचं गणित चार महिने चाललं होतं. मार्चमध्ये ती पुन्हा आली, फोन नाही, चिठ्ठी नाही, नऊ तास स्वतः गाडी हाकत. खानावळीत आमच्यासमोर तिनं एक चित्र पसरलं. काळ्यावर एक ठिपका, आणि त्याच्यापर्यंत आलेली रेघ, केसाहून बारीक, मधेमधे तुटल्यासारखी, पण आलेली. ती भराभर बोलत होती, हात हलवत होती, चष्मा पार ओठांवर आला होता. हेनरिक यंत्राविना बसला होता, एकदा चित्राकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत.

मग त्यानं माझी बाही ओढली. "काय म्हणतेय?"

काय काय सांगणार मी त्याला? वायू, धागे, किती कोटी वर्षं... मी त्याच्या डाव्या कानाला तोंड लावलं आणि सगळी खानावळ ऐकेल अशा आवाजात ओरडले, "म्हणतेय, ती एकटी नव्हतीच! कुणीतरी तिला शिधा पोचवत होतं!"

हेनरिकनं त्या रेघेवर बोट ठेवलं, आणि शेवटच्या ठिपक्यापर्यंत अगदी सावकाश नेलं. मग दुसऱ्या हातानं टेबलाखाली माझा हात धरला.

"अगं, मग ओरडतेस कशाला," तो म्हणाला. "मी इथंच आहे ना."